एकच व्हिडिओ, पाच पडदे: चित्र कापलं जाऊ नये म्हणून काय करायचं

१२ जानेवारी हा सोलापुरात चार हुतात्म्यांचा दिवस. एका शाळेने त्या दिवसासाठी माझ्याकडून आठ मिनिटांची फिल्म करून घेतली होती. १९३० चा मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात दिलेली फाशी, आणि शेवटी चौघांचे फोटो एका ओळीत: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. घरच्या टीव्हीवर चालवून बघितली, झकास दिसली. शाळेच्या हॉलमधला प्रोजेक्टर मात्र जुना, चौकोनी. त्यावर चित्र पडदाभर भरावं म्हणून मीच रिमोटचं झूम दाबलं. शेवटचे फोटो आले आणि मागच्या रांगेतलं पोरगं मोठ्याने म्हणालं, "सर, कडंचे दोघं अर्धेच दिसायलेत की!"

अगदी बरोबर अर्धे. १९२० पिक्सेल रुंदीत चार फोटो, म्हणजे एकाला ४८०. चौकोनी पडद्यावर झूम केलं की दोन्ही बाजूंनी २४०-२४० जातात. हा हिशोब मी घरी बसून दोन मिनिटांत करू शकलो असतो. तुम्ही तो आधी करावा म्हणून हा लेख. मी लग्नं, शाळांचे कार्यक्रम आणि सिद्धेश्वर यात्रेचं चित्रण करतो. खाली लिहिलंय त्यातलं बरंचसं चुकून शिकलोय.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा

पडद्याचा आकार म्हणजे इंच नव्हे. रुंदी भागिले उंची, तो आकडा म्हणजे आकार. आजचा टीव्ही १६:९, म्हणजे १.७८. जुना टीव्ही आणि जुना प्रोजेक्टर ४:३, म्हणजे १.३३; यालाच मी चौकोनी म्हणतो. बरेच ऑफिसचे प्रोजेक्टर आणि काही लॅपटॉप १६:१०, म्हणजे १.६. थिएटरचा रुंद स्कोप पडदा २.३९. उभा मोबाइल ९:१६, म्हणजे ०.५६.

१६:९ हा आकडा मुळात तडजोडीतून आलाय. १९८० च्या दशकात कर्न्स पॉवर्स या अमेरिकन अभियंत्याने टीव्हीचा १.३३ आणि सिनेमाचा २.३५ यांच्या मधला आकार शोधला. दोन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ काढा, १.७७ येतं. म्हणजे हा आकार कुणालाच पुरता बसत नाही आणि सगळ्यांना थोडा थोडा बसतो. आपलं काम तिथूनच सुरू होतं.

चित्र आणि पडदा यांचे आकार जुळले नाहीत तर तीनच गोष्टी होऊ शकतात. काळ्या पट्ट्या येतात, चित्र कापलं जातं, किंवा चित्र ताणलं जातं. पट्ट्या चालतात. कापणं विचार करून केलं तर चालतं. ताणणं कधीच चालत नाही. १६:९ चित्र चौकोनी पडद्यावर दाबून बसवलं की नवरदेव आठवडाभर उपाशी असल्यासारखा दिसतो, आणि उलट केलं की वरमाय एक तृतीयांश जाड होते. पैसे त्याच देणार असतात, हे विसरू नका.

१. पडदा कुठला, हे काम घेतानाच विचारा

"स्क्रीन आहे ना?" असं विचारलं की "आहे" एवढंच उत्तर येतं. म्हणून असं विचारा:

- पडदे किती आणि कुठले: टीव्ही, प्रोजेक्टर, एलईडी वॉल, मोबाइल?
- प्रोजेक्टर असेल तर मॉडेल कुठलं? मागच्या लेबलचा फोटो मागवा.
- पांढऱ्या पडद्याची रुंदी-उंची किती? जमलं तर स्वतः टेपने मोजा.
- एलईडी वॉल असेल तर आडवे किती कॅबिनेट (वॉल ज्या चौकोनी तुकड्यांची जोडतात ते), उभे किती, आणि पिच (दोन पिक्सेलमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) किती?
- व्हिडिओ लॅपटॉपवरून चालणार की पेनड्राइव्हवरून?

प्रोजेक्टरबाबत एक सापळा आहे. खोक्यावर "फुल एचडी सपोर्ट" लिहिलेलं असतं. याचा अर्थ तो १९२० × १०८० चा सिग्नल घेतो, एवढाच. आतली चित्र बनवणारी चिप १०२४ × ७६८ चीच असू शकते. माहितीपत्रकात "नेटिव्ह", म्हणजे त्या चिपचं स्वतःचं, रिझोल्यूशन काय लिहिलंय ते बघा.

एलईडी वॉलवाले फुटांत बोलतात. "बारा बाय आठ आहे, सर." बारा भागिले आठ म्हणजे १.५, असं धरून मी एकदा अख्खी फाइल बनवली होती. भाड्याच्या वॉलचे कॅबिनेट बहुतेक ५०० मिलिमीटर चौरस असतात, त्यामुळे त्यांचे बारा फूट म्हणजे सात कॅबिनेट आणि आठ फूट म्हणजे पाच, तेही अंदाजे. ३.९१ पिचच्या एका कॅबिनेटमध्ये १२८ × १२८ पिक्सेल असतात. म्हणजे ती वॉल प्रत्यक्षात ८९६ × ६४० निघाली, आकार १.४. फूट विसरा, कॅबिनेट मोजा. वॉल उभी राहिल्यावर जवळ गेलं की सांधे दिसतात, तेव्हा बोट ठेवून मोजलं तरी चालतं.

२. भाकरी चार्ट बनवा

हे एकदाच करायचं आणि जन्मभर वापरायचं. कुठल्याही फोटो एडिटरमध्ये १९२० × १०८० चं करड्या रंगाचं पान घ्या. मधोमध १००० पिक्सेल व्यासाचं पांढरं वर्तुळ काढा. आमच्याकडे याला भाकरी म्हणतात. अगदी कडेने लाल चौकट काढा, चार पिक्सेल जाडीची. आत मधोमध १४४० × १०८० ची पिवळी चौकट, ती चौकोनी पडद्याची, आणि त्याच्या आत ६०८ × १०८० ची हिरवी, ती उभ्या मोबाइलची. चारही कोपऱ्यांत १, २, ३, ४ असे आकडे टाका. याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ करून पेनड्राइव्हमध्ये कायम ठेवा.

आता हा चार्ट पडद्यावर लावला की पडदाच बोलायला लागतो. भाकरी अंड्यासारखी उभट दिसली तर चित्र दोन्ही बाजूंनी दाबलं जातंय. आडवी चपटी दिसली तर ताणलं जातंय. भाकरी गोल आहे पण लाल चौकट दिसत नाही, म्हणजे टीव्ही कडा खातोय. कोपऱ्यातले आकडेच गायब आणि पिवळ्या रेघा पडद्याच्या कडेला टेकल्या, म्हणजे कुणीतरी झूम दाबलंय. त्या दिवशी शाळेत हा चार्ट असता तर पोराला बोलायची वेळच आली नसती.

३. शूटिंग करतानाच मधला भाग सांभाळा

आडव्या चौकटीच्या मधल्या तीन चतुर्थांश भागात महत्त्वाचं सगळं ठेवा. पिवळी चौकट म्हणजे तोच भाग. कॅमेऱ्यात आणि बऱ्याच मोबाइल ॲपमध्ये ४:३ च्या मार्गदर्शक रेघा चालू करता येतात. नसतील तर स्क्रीनगार्डवर स्केचपेनने दोन रेघा मारा, मी मारल्यात. कडेला मंडप, माणसं, झाडं येऊ द्या. ती कापली गेली तरी कुणी विचारत नाही.

शक्य असेल तर ४के मध्ये, म्हणजे ३८४० × २१६० मध्ये शूट करा. कारण साधं आहे. फुल एचडीतून उभी पट्टी कापली तर हाती फक्त ६०८ पिक्सेल रुंदी लागते, मूळ चित्राच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी, आणि ती १०८० पर्यंत फुगवावी लागते. चेहरा मेणाचा होतो. ४के मधून तीच पट्टी १२१६ रुंद मिळते. फुगवायची गरजच नाही.

पण सगळं कापून भागत नाही. यात्रेतले नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, घ्या. आडव्या चौकटीत काठी टोकापासून खालपर्यंत घ्यायची तर इतकं मागे सरकावं लागतं की पांढऱ्या बाराबंदीतला, काठी तोलून धरणारा माणूस मुंगीएवढा होतो. जवळ गेलात तर टोक जातं. सातही काठ्या ओळीने येतात तेव्हा आडवं चित्र शोभतं. एकटी काठी ही जन्मजात उभी गोष्ट आहे. माझा मार्ग असा: कॅमेरा आडवा स्टँडवर, आणि खिशातला मोबाइल उभा धरून प्रत्येक महत्त्वाच्या क्षणाचे वीस सेकंद वेगळे. आडव्यातून उभं "काढू नंतर" म्हणणाऱ्याला नंतर काहीच मिळत नाही, आणि होम मैदानावरच्या गर्दीत दुसरी संधीही मिळत नाही.

४. टाइमलाइन १६:९ ठेवा, आपोआप होणारं बंद करा

मूळ प्रत नेहमी १६:९, काळ्या पट्ट्यांशिवाय. बाकी सगळ्या प्रती तिच्यातून काढायच्या. आकार न जुळणारी क्लिप आली तर काय करायचं, हे सॉफ्टवेअर स्वतःच ठरवतं आणि तुम्हाला विचारत नाही. डाविंची रिझॉल्वमध्ये प्रोजेक्ट सेटिंगच्या "इमेज स्केलिंग" मध्ये "मिसमॅच्ड रिझोल्यूशन फाइल्स" असा पर्याय आहे. तिथे "स्केल एन्टायर इमेज टू फिट" ठेवा. "स्ट्रेच" असं लिहिलेल्या पर्यायाकडे बघूही नका. मग पट्ट्या येतील, त्या क्लिपपुरत्या हाताने झूम करून भरा, म्हणजे काय कापलं जातंय ते डोळ्यांसमोर राहतं.

पट्ट्यांच्या जागी त्याच चित्राची धूसर मोठी प्रत मागे लावायची फॅशन आहे. लग्नाच्या फिल्ममध्ये खपून जाते. हुतात्म्यांच्या फोटोमागे त्यांचेच धूसर गाल हलताना मला बघवत नाहीत. तिथे साधा गडद रंग लावा.

५. जुन्या डीव्हीडी आल्या की सावध

"आजीच्या लग्नाच्या कॅसेटची डीव्हीडी आहे, ती पण टाका" असं कुणीतरी म्हणतंच. आपल्याकडच्या डीव्हीडीतलं चित्र ७२० × ५७६ पिक्सेलचं असतं, पण ते पिक्सेल चौरस नसतात. आत एक खूण असते, ती वाचून प्लेअर चित्र योग्य रुंदीला आणतो. चौकोनी चित्र असेल तर ७६८ × ५७६, रुंद असेल तर १०२४ × ५७६. फाइल बदलून देणारी फुकटची साधनं बऱ्याचदा ही खूण टाकून देतात. मग रुंद चित्र भलतंच बारीक होतं, ते लगेच कळतं. चौकोनी चित्र मात्र जेमतेम सहा टक्के बारीक होतं, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या यायला हवं. चित्रात ताट, घड्याळ, गाडीचं चाक असं काही गोल दिसतं का बघा. तीच तुमची भाकरी.

दुसरं म्हणजे हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. ते इंटरलेसचे, म्हणजे एकाआड एक ओळींनी चित्र नोंदवण्याच्या जुन्या पद्धतीचे. आधी डीइंटरलेस करा, नंतरच आकार बदला. क्रम उलटा झाला तर दाते चित्रात भाजून निघतात आणि मग कुठल्याही उपायाने जात नाहीत. हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही होतं.

६. प्रत्येक पडद्याची वेगळी प्रत काढा

आळस करू नका. चार फाइल निघायला रात्र लागते, पण कॉम्प्युटर जागा राहतो, तुम्ही झोपा.

*चौकोनी प्रोजेक्टर.* १०२४ × ७६८ ची नवी टाइमलाइन. त्यात १६:९ चित्र पूर्ण बसवलं तर १०२४ × ५७६ होतं, वर-खाली ९६-९६ पिक्सेलच्या पट्ट्या येतात. पडद्याचा पाव भाग वाया. म्हणून मी मिश्रण करतो: भाषणं आणि चेहरे झूम करून पडदाभर, आणि ओळीतले फोटो, गटाचे फोटो, नकाशे पूर्ण, पट्ट्यांसह. हुतात्म्यांचे चार फोटो आता या प्रतीत दोन वर, दोन खाली असे असतात.

इथला सर्वांत वाईट प्रकार म्हणजे दुहेरी पट्ट्या. चौकोनी चित्र आधी १६:९ मध्ये डावी-उजवी पट्टी घेऊन बसलं, आणि ती फाइल पुन्हा चौकोनी प्रोजेक्टरवर लागली, की चारी बाजूंनी काळं. पडद्याचा जेमतेम ५६ टक्के भाग वापरला जातो. म्हणून मूळ प्रतीत पट्ट्या भाजायच्या नाहीत.

*एलईडी वॉल.* कॅबिनेट मोजून आलेला आकडा, तोच टाइमलाइनचा आकार. पण वॉलवाल्याला विचारा की मध्ये स्केलर असलेला प्रोसेसर आहे का. नुसतं सेंडिंग कार्ड असेल तर ते चित्र लहान-मोठं करत नाही. येणाऱ्या चित्राचा डावीकडचा वरचा तुकडा, वॉलला जितके पिक्सेल आहेत तितका, उचलून दाखवतं. माझ्या ८९६ × ६४० च्या वॉलवर पहिल्यांदा नवरीचा फक्त मुंडावळ्यांचा भाग आला, आणि मांडवात सगळे वॉलवाल्या पोराकडे बघायला लागले. त्याची चूक नव्हती. अशा ठिकाणी १९२० × १०८० च्या काळ्या पानावर डाव्या वरच्या कोपऱ्यात आपलं ८९६ × ६४० चं चित्र चिकटवून फाइल काढायची.

एक दिलासा आहे. प्रोजेक्टरवर काळी पट्टी करडी दिसते, कारण दिवा चालूच असतो. एलईडीवर काळं म्हणजे दिवे बंद. रात्रीच्या मैदानात पट्टी दिसतच नाही. तिथे कापण्यापेक्षा पट्टी ठेवलेली बरी.

*उभा मोबाइल.* १०८० × १९२०. तळाचा पाचवा भाग आणि उजवी कड रिकामी ठेवा, तिथे नाव, मजकूर आणि बटणं येतात. काही सॉफ्टवेअर चेहऱ्यामागे चौकट आपोआप फिरवतात. एकटा वक्ता असेल तर ठीक. सप्तपदीत ते नवऱ्याकडून नवरीकडे, नवरीकडून भटजींकडे असं डोलत राहतं. दोन-तीन ठिकाणी हाताने चौकट ठरवा आणि मध्ये कट द्या. आणि उभी क्लिप आडव्या पानावर ठेवून मोबाइलवर पाठवू नका, ती पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसते.

*थिएटर.* लघुपटवाल्यांना लागतं. तिथे डीसीपी, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरसाठीची खास प्रत, द्यावी लागते: फ्लॅट १९९८ × १०८०, स्कोप २०४८ × ८५८. १६:९ चित्र फ्लॅटमध्ये द्या, कडेला ३९-३९ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या येतात, कळतही नाही. ती बनवायचं डीसीपी-ओ-मॅटिक हे सॉफ्टवेअर फुकट आहे.

७. अक्षरांना श्वास घेऊ द्या

जुन्या टीव्हीवाल्यांचा नियम अजून उपयोगी आहे. मजकूर मधल्या ८० टक्क्यांत, म्हणजे १९२० × १०८० मध्ये डावी-उजवीकडे १९२ आणि वर-खाली १०८ पिक्सेल सोडून. चौकोनी प्रत काढायची असेल तर मजकूर पिवळ्या चौकटीच्याही आत.

आपल्या लिपीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे इंग्रजीच्या मापाने सोडलेली जागा पुरत नाही. सोलापुरात तर लग्नाच्या फिल्ममध्ये नावं मराठी आणि तेलुगू दोन्हींत हवी असतात, आणि तेलुगूची जोडाक्षरं ओळीखाली लोंबतात. दोन ओळींत अंतर वाढवा. प्रत्येक प्रतीत मजकूर नव्याने लिहा. मोठ्या प्रतीतला मजकूर आकसून १०२४ वर आला की "श्री" चा नुसता ठिपका होतो.

८. फाइल आणि पेनड्राइव्ह

एमपीफोर, चित्र एच.२६४, आवाज एएसी. हे जवळपास सगळीकडे चालतं. एच.२६५ लहान होतं, पण जुना टीव्ही "फॉरमॅट नॉट सपोर्टेड" म्हणून हात वर करतो. पेनड्राइव्ह फॅट३२ केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात बसत नाही. बरेच जुने टीव्ही दुसरा फॉरमॅट वाचत नाहीत, म्हणून फाइलच लहान ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवायची वेळ आली तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, नाहीतर ती चिपाड होऊन पोचते.

फाइलच्या नावात आकार लिहा: "हुतात्मा-चौकोनी", "हुतात्मा-वॉल". "फायनल", "फायनल-नवीन", "फायनल-हीच" अशी नावं दिलीत तर ऐनवेळी चुकीचीच लागते.

९. कार्यक्रमाच्या जागी तासभर आधी

पिशवीत हे असू द्या:

- भाकरी चार्टसह दोन पेनड्राइव्ह
- लांब एचडीएमआय केबल आणि एचडीएमआय ते व्हीजीए ॲडॉप्टर
- आवाजाची साधी ३.५ मिलिमीटर केबल. व्हीजीएतून आवाज जात नाही, हे दर वर्षी कुणीतरी स्टेजवर शिकतं
- मोजपट्टी, इन्सुलेशन टेप, एक्स्टेन्शन बोर्ड

लॅपटॉप जोडला की विंडोज आणि पी ही कळ एकत्र दाबून "एक्स्टेंड" निवडा. "डुप्लिकेट" ठेवलंत तर लॅपटॉप आणि प्रोजेक्टर दोघांना झेपेल असा मधलाच आकार विंडोज उचलतं. मग डिस्प्ले सेटिंगमध्ये दुसऱ्या पडद्याला त्याचं नेटिव्ह रिझोल्यूशन द्या.

आता चार्ट लावा. लाल चौकट नसेल तर टीव्हीच्या मेनूत चित्राच्या आकाराखाली "जस्ट स्कॅन", "स्क्रीन फिट" किंवा "फुल पिक्सेल" असं काहीतरी सापडेल. भाकरी गोल नसेल तर प्रोजेक्टरच्या ॲस्पेक्टमध्ये "ऑटो" किंवा "नॉर्मल" करा. व्हीएलसीमध्ये चालवताना ए कळ चित्राचा आकार बदलते आणि सी कळ चित्र कापते. चुकून हात लागला तर घाबरू नका, तीच कळ पुन्हा पुन्हा दाबत राहा, फिरून मूळ जागी येतं.

सगळं जुळलं की रिमोट खिशात ठेवा. खरंच ठेवा. पाहुणे यायच्या पाच मिनिटं आधी कुणीतरी काका येतात, पट्ट्या बघतात आणि म्हणतात, "अहो, हे पूर्ण स्क्रीनवर घ्या की जरा." पुढच्या १२ जानेवारीला त्याच शाळेत मला हेच सांगितलं गेलं. मी हो म्हणालो, खिशावर हात ठेवला, आणि चौघं पूर्ण दिसले.